ट्रिप्टोफॅन : अन्नातले आणि डबीतले

काही दिवसांपूर्वी शेजारच्या एक बाई एक डबी घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना बरेच महिने झोप लागत नव्हती. डबीवर ‘ट्रिप्टोफॅन’ असे नाव होते आणि खाली ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळक छापला होता. “सर, हे औषध नव्हे, अन्नच आहे म्हणतात. घ्यायला हरकत नाही ना?” त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना, कारण या पदार्थाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सगळाच सुखाचा नाही.

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल होय. प्रथिने ज्या विटांनी रचली जातात त्यांतील ही एक वीट. परंतु आपले शरीर ती स्वतः घडवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागते. तिचा शोध लागला तो मात्र एका फसलेल्या प्रयोगामुळे. केंब्रिजला फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या वर्गात विद्यार्थी प्रथिनाची एक नेहमीची परीक्षा करीत होते. प्रथिनात अॅसेटिक आम्ल आणि गंधकाम्ल घातले की जांभळा रंग यावयाचा. एकदा तो येईना. हॉपकिन्स यांनी विद्यार्थ्याला दोष न देता बाटलीकडे लक्ष वळविले, आणि त्यांना असे आढळले की रंग अॅसेटिक आम्लामुळे येतच नव्हता. त्यात मिसळलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्ल नावाच्या भेसळीमुळे येत होता. शुद्ध आम्ल वापरले की रंग नाही! या धाग्याने पुढे जाऊन १९०१ साली त्यांनी आणि सिडने कोल यांनी ट्रिप्टोफॅन वेगळे काढले. आम्हां शिक्षकांनी ही हकीकत भिंतीवर लिहून ठेवावी, इतकी ती मला आवडते.

१९०६ च्या सुमारास हॉपकिन्स यांनी एडिथ विलकॉक यांच्यासह उंदरांना मक्यातील झीन हे प्रथिन खाऊ घातले. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते. उंदीर खंगले. त्याच आहारात ट्रिप्टोफॅन मिसळले तेव्हा ते वाढले नाहीत, पण अधिक दिवस जगले. अन्नात वरून अमिनो आम्ल घालण्याचा आरंभ असा झाला.

मक्यावर जगणाऱ्या माणसांची दैना तर त्याआधीच ठाऊक होती. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ साली एका रोगाचे वर्णन केले होते. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव मिळाले. उन्हाने भाजल्यासारखी त्वचा, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रंश. हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे अमेरिकेत १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखविले. १९३७ मध्ये निकोटिनिक आम्ल हा त्यावरचा उपाय ठरला. पण एक कोडे उरले. दुधात ते आम्ल फार थोडे, तरी दूध पिणाऱ्याला पेलाग्रा होत नाही, हे कसे? १९४५ मध्ये त्याचा उलगडा झाला : दुधात ट्रिप्टोफॅन असते आणि शरीर त्यापासून ते जीवनसत्त्व तयार करते, साधारणतः ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम.

आपल्या दख्खनचा संबंध येथे येतो. मक्याऐवजी ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांतही पेलाग्रा दिसे, आणि हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत कोलुथुर गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचे कारण ज्वारीतील ल्युसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या आधिक्यात शोधले. पुढे सर्व प्रयोगशाळांना तो अनुभव आला नाही. तथापि एक आम्ल दुसऱ्याचा तोल बिघडवू शकते, हा विचार भाकरी खाणाऱ्यांच्या देशातून निघाला, हे विसरू नये.

शरीर ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिनही घडविते; म्हणून १९७० नंतर झोपेसाठी आणि उदासीनतेसाठी अमेरिकेत त्याच्या गोळ्या विनाचिठ्ठी खपू लागल्या. मग १९८९ चा ऑक्टोबर आला. न्यू मेक्सिकोत तीन स्त्रिया असह्य स्नायुदुखीने डॉक्टरांकडे गेल्या. त्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या, आणि तिघीही ट्रिप्टोफॅन घेत होत्या. नोव्हेंबरात सरकारने माल परत मागविला. तरी दीड हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, निदान ३७ जण दगावले, कित्येकांचे हातपाय कायमचे दुबळे झाले.

अमेरिकेत येणारे ट्रिप्टोफॅन सहा जपानी कंपन्या जिवाणूंकडून तयार करीत. मिनेसोटा व ओरेगॉन येथील तपासात बोट एकीकडेच वळले : शोवा डेन्को. या कंपनीने डिसेंबर १९८८ मध्ये जनुके बदललेला नवा जिवाणू वापरात आणला होता, आणि शुद्धीकरणाच्या कोळशाची भुकटीही २० किलोवरून सुमारे १० किलोवर आणली होती. मालात सूक्ष्म अपद्रव्ये सापडली. दोष जिवाणूचा की कोळशाच्या काटकसरीचा, हा वाद मिटला नाही, कारण दोन्ही बदल जवळजवळ एकाच काळातले. ट्रिप्टोफॅन स्वतः सर्वथा निर्दोष होते, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकले नाही. ज्या पदार्थाचा शोध भेसळीने लावला, त्याचे नाव भेसळीनेच बुडविले, याचे मला नवल वाटते. २००१ मध्ये निर्बंध सैल झाले आणि डब्या पुन्हा दुकानांत आल्या.

साठ किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज सुमारे २४० मिलिग्रॅम आहे. डाळी, दूध, अंडी, मासळी यांतून ती सहज भागते. गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम असतात. जेवणातले ट्रिप्टोफॅन इतर अमिनो आम्लांच्या गर्दीतून मेंदूकडे जाते. गोळीतले एकटे, घाईने जाते. उदासीनतेवरची कित्येक औषधे सेरोटोनिन वाढवितात. त्यांच्या जोडीला ही गोळी घेतली तर कंप, ताप, भ्रम अशी धोक्याची लक्षणे उद्भवू शकतात.

हे मी त्या बाईंना समजावून सांगत होतो, तोच त्या मध्येच म्हणाल्या, “पण तसली एक गोळी मला दोन वर्षांपासून चालू आहे.” या डबीविषयी त्यांनी डॉक्टरांना काहीच सांगितले नव्हते, अन्न म्हणूनच घेतली होती ना! डबीचे सील अजून शाबूत होते. ती पिशवीत घालून त्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेल्या.