अनंताची पानं पिवळी पडताहेत? आधी माती आणि पाणी तपासा

अनंत हे कॉफीच्या कुळातलं सदाहरित झुडूप. मूळचं दक्षिण चीन-जपानकडचं. पण गोवा, कोकण, खानापूरच्या परसात ते इतकं रुळलंय की कुणाला परकं वाटत नाही. बाजारात मिळणारी डिकेमाली म्हणजे त्याच्याच देशी भावंडांचा डिंक.

या झाडाला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते; सामू साधारण 5 ते 6. गोव्याच्या जांभ्या मातीत ते फारसं न मागता वाढतं. अथणी, इंदूर, वडोदऱ्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत मात्र वर्षभरात कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून बोअरचं जड पाणी आणखी ओततात. दुखणं तिथेच वाढतं. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा मातीत हिराकस टाकूनही फारसा उपयोग होत नाही. दुकानात चिलेटेड लोह मागताना पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते पाहावं; ‘ईडीटीए’वालं चुनखडीच्या मातीत टिकत नाही. (जुनी, खालची चार पानं पिवळी होऊन गळली तर घाबरू नये, ते नेहमीचंच.)

काळ्या मातीच्या गावात सरळ मोठी कुंडी घ्यावी: तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा, थोडं कोकोपीट. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून तेच घालावं. बांधकामाच्या राड्यारोड्याजवळ लावू नये. सिमेंट-चुना मातीत उतरतो.

जागा आडोशाची हवी. सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि वाऱ्याला भिंत. ग्वाल्हेरला उन्हाळ्यात लू आणि थंडीत गारठा, दोन्हींपासून जपावं लागतं. कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नये, माती कोरडी पडू देऊ नये आणि पाणी साचूही देऊ नये. यातलं काहीही झालं की कळ्या न उमलताच गळतात.

छाटणी बहर संपल्या संपल्या करावी. उशीर केला तर पुढच्या कळ्याच कात्रीखाली जातात. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारावं.

दुहेरी पाकळ्यांच्या अनंताला बहुधा फळ धरत नाही. शेजाऱ्याकडून पावसाळ्यात 10-15 सेंमीची अर्धवट पिकलेली फांदी मागून आणावी आणि सावलीत लावावी.