गंभीर मानसिक आजार असलेल्या पालकांची मुले : व्यायाम व झोप

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया, उन्माद व नैराश्य आलटून-पालटून आणणारा द्विध्रुवी विकार आणि तीव्र नैराश्य यांना मिळून गंभीर मानसिक आजार म्हणतात. आईला किंवा वडिलांना असा आजार असलेल्या मुलांविषयीच्या ३३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार यांतील सुमारे एकतृतीयांश मुलांना तरुण वयापर्यंत स्वतःलाही तसा आजार होण्याचा संभव असतो. उरलेली बहुसंख्य मुले त्यातून सुटतात, ही बाब मात्र पुष्कळदा सांगायची राहून जाते. आनुवंशिक वाटा बदलता येत नाही. व्यायाम आणि झोप यांच्यात मात्र बालपणीच लक्ष घालता येते, म्हणून संशोधकांचे लक्ष त्यांच्याकडे वळले.

शारीरिक हालचालींतील वेगळेपण फार लवकर दिसू शकते. बार्बरा फिश यांनी १९५२ पासून न्यूयॉर्कमध्ये छिन्नमनस्क मातांच्या अर्भकांचे निरीक्षण केले, तेव्हा काही बालकांची वाढ व हालचालींचा विकास मध्येच मंदावतो आणि पुन्हा वेग घेतो, असे त्यांना आढळले. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे निवडलेल्या सात वर्षांच्या ५२२ मुलांच्या ‘व्हीआयए ७’ या अभ्यासात २०२ मुलांच्या पालकांना छिन्नमनस्कता, १२० मुलांच्या पालकांना द्विध्रुवी विकार होता आणि २०० मुले तुलनेसाठी होती. त्यात छिन्नमनस्क पालकांच्या मुलांची कारक कौशल्ये, म्हणजे तोल सांभाळणे, चेंडू झेलणे, बोटांची बारीक कामे करणे, तुलनेच्या मुलांपेक्षा कमी पडली. द्विध्रुवी विकाराच्या गटात मात्र तशी उणीव दिसली नाही. ज्याला चेंडू नीट झेलता येत नाही, तो खेळात मागे पडतो, हळूहळू खेळणेच टाळू लागतो आणि सरावाअभावी कौशल्य आणखी खुंटते. म्हणून अशा मुलाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

झोपेचा प्रश्न द्विध्रुवी विकाराच्या संदर्भात अधिक ठळक आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि कॅनडा येथे अशा पालकांच्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला, तेव्हा रात्री वारंवार जाग येणे, अपुरी झोप यांसारख्या तक्रारी काहींमध्ये आजार प्रकट होण्याच्या आधीपासूनच दिसल्या. तरीही झोप बिघडली म्हणजे आजार येणारच, असा अर्थ त्यातून निघत नाही. पालकाच्या औषधांची गुंगी, रुग्णालयातील भरती, रात्रीचे जागरण, पैशांची ओढाताण यांमुळे घरातील जेवणाच्या आणि निजण्याच्या वेळा विस्कटतात, आणि त्याच घरात वाढणाऱ्या मुलाच्या जैविक घड्याळावर त्याचा परिणाम होतो. शिवाय आनुवंशिकता व घरचे वातावरण एकमेकांत इतके गुंतलेले असतात की कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते.

मोजमापासाठी पालकांच्या प्रश्नावलीबरोबर मनगटावर बांधायचे हालचालमापक यंत्र वापरतात, कारण आजारपणाने थकलेल्या पालकाच्या आठवणीवर विसंबणे पुरेसे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांसाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांसाठी ८ ते १० तास झोप सुचवली. या मुलांसाठी वेगळे प्रमाण नाही. हेच प्रमाण साधायला घराला मदत लागते, आणि ती देताना आजारी पालकाला दोषी धरले तर तो मदत घेण्यासच कचरतो.