निपाणीची तंबाखू, घराची झडती आणि दोन ओळींचं कारण

मागच्या आठवड्यात आपल्यातल्या एका तरुण मित्राने विचारलं, "काका, वॉरंट नसताना पोलिसांना आपल्या घरात शिरता येतं का? आणि शिरले तर ते बेकायदा धरायचं का?" मी वकील नाही. कॉमर्सचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं. पण सीमाभागात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला या प्रश्नाचा इतिहास थोडाफार ठाऊक असतोच. त्यातून आपल्या निपाणीचं पीक या कायद्याच्या अगदी मधोमध उभं आहे, हे फार जणांना माहीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

तंबाखूपासूनच सुरुवात करू. १९४३ साली, महायुद्धाच्या खर्चासाठी, इंग्रज सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. पुढच्याच वर्षी, १९४४ ला, केंद्रीय अबकारी व मीठ कायदा आला आणि त्याखाली नियम झाले. मिरची, जोंधळा, भुईमूग पिकवणाऱ्याला सरकार विचारत नव्हतं, पण तंबाखूवाल्याला सगळा हिशेब द्यावा लागे. किती क्षेत्रावर लावली, वाळवून माल किती निघाला, कुठं ठेवला, कुणाला विकला, सगळं कागदावर. माल हलवायचा तर परवाना. वखारीत ठेवायचा तर तिचंही लायसन. कर भरल्याशिवाय माल बाहेर काढायचा नाही.

आता तंबाखू ही काही कारखान्यात तयार होणारी वस्तू नव्हे. शेतकऱ्याच्या रानात पिकते, त्याच्या खळ्यावर वाळते, आणि पाऊस आला की त्याच्याच सोप्यात नाहीतर माळ्यावर जाते. म्हणजे कराचा माल आणि बायकापोरांचं घर एकाच छपराखाली. त्यामुळे अबकारीच्या अधिकाऱ्यांना नियमाने मोठा अधिकार दिला होता. लपवलेला माल आहे असं वाटलं तर दिवसा किंवा रात्री, जमीन, इमारत, वाहन, कशातही शिरून तपासता येत होतं. आमच्या लहानपणी "इन्स्पेक्टर आलाय" एवढे दोन शब्द गल्लीतून फिरले की म्हातारी माणसंसुद्धा उठून बसत. चोरीचा माल नसला तरी. घराची झडती म्हटल्यावर अब्रूचा प्रश्न, दुसरं काय.

पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, १८ वं. झडती आणि अटक ही फौजदारी प्रक्रिया संहितेत सांगितलेल्या पद्धतीनेच करायची, असं ते कलम म्हणत होतं. पुढचा सगळा फरक या एका ओळीने पडला.

राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला रहमान नावाच्या एका शेतकऱ्याने तंबाखू लावली होती. अबकारीचा अधिकारी त्याच्या घराची झडती घ्यायला गेला. घरच्यांनी अडवलं, झटापट झाली. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून खटला भरला. तो चढत चढत सुप्रीम कोर्टात गेला आणि १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तो लिहिला. सरकारचं म्हणणं होतं की नियमाने आम्हाला शिरायचा अधिकार आहे, संपलं. कोर्ट म्हणालं, अधिकार आहे, पण तो संहितेच्या १६५ कलमाप्रमाणे वापरायचा. झडतीला जाण्याआधी अधिकाऱ्याने आपल्याला असं का वाटतं याची कारणं लिहून ठेवायला हवी होती. ती लिहिलेली नव्हती, म्हणून झडती कायद्याला धरून नव्हती, आणि तिला अडवणं हा गुन्हा झाला नाही. सरकारचं अपील फेटाळलं.

बघा, एका तंबाखूवाल्याच्या घरासाठी दोन ओळींचं कारण लिहिलं नाही, म्हणून राजस्थान सरकार हरलं. निपाणीच्या बाजारपेठेत त्या काळी हा निकाल किती जणांपर्यंत पोचला देव जाणे. पण तो आपल्या पिकाचा निकाल आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. "वॉरंट नाही म्हणजे बेकायदा" हा समज चुकीचा आहे. आपल्या कायद्यात दोन वाटा आहेत. पहिली वाट मॅजिस्ट्रेटकडून झडतीचं वॉरंट आणण्याची. दुसरी वाट १६५ कलमाची, जी १८९८ च्या संहितेत होती, १९७३ च्या संहितेतही त्याच आकड्याखाली राहिली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १८५ झाली. तपास चालू असलेल्या गुन्ह्यासाठी एखादी वस्तू हवी आहे, ती अमुक जागी आहे असं मानायला सबळ कारण आहे, आणि वॉरंट आणेपर्यंत थांबलं तर उशीर होईल, असं असेल तर ठाण्याचा प्रमुख किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. मात्र त्याने आधी कारण लिहायचं, काय शोधतोय ते शक्य तितकं स्पष्ट लिहायचं, होता होईल तो स्वतः झडती घ्यायची, आणि त्या नोंदीची प्रत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. नव्या संहितेत त्याला ४८ तासांची मुदत घातली आहे. घरमालकाने अर्ज केला तर मॅजिस्ट्रेटकडून ती प्रत फुकट मिळते. शिवाय झडतीचं मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर चित्रण करायला आता सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट अटकेची. ज्याला पकडायचं आहे तो माणूस आत आहे असं मानायला कारण असेल, तर पोलिसांना घरात शिरता येतं. पण ते त्या माणसासाठी. आतल्या सगळ्यांसाठी नव्हे.

बँकेतल्या माणसाला हे पटकन कळतं. तंबाखूच्या तारणावर कर्ज दिलं की वखारीला आमचं कुलूप असायचं. वखार तपासायचा हक्क कर्जदाराने करारात सही करून दिलेला. तरीसुद्धा तपासणीला गेलो की तारीख, वेळ, पोती किती, सोबत कोण, सगळं रजिस्टरात. हक्क असला तरी नोंद ही हवीच. उद्या वाद झाला तर ती नोंदच खरं काय ते सांगते.

हा हक्क घटनेतच का नाही लिहिला, असं कुणी विचारेल. लिहायचा प्रयत्न झाला होता. १९४७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केलं, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यात घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये असा मूलभूत हक्क मांडला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. हे संरक्षण संहितेत आहेच, पण घटनेत घातलं तर उद्याच्या कायदेमंडळाला त्याला हात लावता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण सभागृहात एकमत झालं नाही आणि शेवटी दुरुस्ती पडली.

त्याचा परिणाम १९५४ ला दिसला. एम. पी. शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितलं की घटनाकारांनी अमेरिकेसारखा हक्क घातलेला नाही, तो आम्ही ओढून आणू शकत नाही. खडकसिंग प्रकरणात १९६२ ला रात्री-अपरात्री घरी जाऊन दार ठोठावण्याचा पोलिसांचा नियम मात्र रद्द झाला. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या खटल्यातले अर्जदार पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. मराठी मुलखाला हा प्रश्न नवा नाही म्हणा. १८९७ ला पुण्यात प्लेगच्या नावाने गोरे सोल्जर घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. रोगराई खरी होती, कायदाही होता. पण घरात शिरायची रीत चुकली की काय होतं, ते पुण्याने पाहिलं.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. झडती बेकायदा ठरली म्हणून तीत सापडलेला माल पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या निकालांनी हे पक्कं केलं आहे. त्यामुळे रहमानचं उदाहरण ऐकून कुणी दारात काठी घेऊन उभं राहू नये. झडती कायदेशीर की बेकायदा हे कोर्ट काही वर्षांनी ठरवणार, डोकं त्याच दिवशी फुटणार.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. झडतीला त्या परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित पंच हवेत, घरच्याला हजर राहू द्यायला हवं, जप्त वस्तूंची यादी करून प्रत द्यायला हवी. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. हे सगळं ठीक. पण १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि हळूहळू पंचनाम्याची भाषा बदलली. आमच्या निपाणीकडच्या जुन्या घरांतले कागद मराठीत, नंतरचे कन्नडात. पंच मराठी, घर मराठी, आणि सही ज्यावर करायची तो कागद वाचता येत नाही. यात कन्नडचा दोष काही नाही, ती आपल्या शेजाऱ्याची भाषा आहे. पण न वाचलेल्या यादीवर सही करणारा पंच कसला? म्हणून सांगतो, सही करायची वेळ आली तर आधी वाचून अर्थ सांगायला सांगा, आणि सहीखाली आपल्या अक्षरात लिहा, "मला वाचून दाखवले" किंवा "मला ही भाषा वाचता येत नाही". एवढ्या एका ओळीला कोर्टात वजन असतं.

येळ्ळूर आठवत असेलच. जुलै २०१४. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक काढण्यावरून लाठीमार झाला. फलक काढायला कोर्टाचा आदेश होता. पण पोलिसांनी घरांत शिरून बायका-म्हाताऱ्यांना मारलं अशा गावकऱ्यांच्या तक्रारी होत्या, आणि वाहिन्यांवर ती दृश्यं देशाने पाहिली. फलकाबद्दल कुणाचं मत काहीही असो, मी इथे एवढाच प्रश्न विचारतो. आत शिरणं झडतीसाठी असेल तर आधी लिहिलेलं कारण कुठं आहे? अटकेसाठी असेल तर कुठल्या घरातून कोण हवा होता? फलकाच्या आदेशाने उंबरठा ओलांडायचा अधिकार मिळत नाही. हा प्रश्न मराठी घरासाठी जितका खरा, तितकाच उद्या कन्नड घरासाठी.

१९७९ च्या बजेटात कच्च्या तंबाखूवरचा कर गेला आणि शेतकऱ्याच्या माळ्यावरची ती तपासणीही गेली. आज तरुण पिढीला परवाने, लायसन काही ठाऊक नाही. पण १६५ चं १८५ झालं तरी ते दोन ओळींचं कारण अजून कायद्यात आहे. ते मागायचा आपला हक्क आहे, आणि नम्रपणे मागितलं तरी चालतं.

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावकडच्या कुणाच्या घरी जुने तंबाखूचे परवाने, वखारीची रजिस्टरं किंवा पंचनामे असतील तर फेकू नका. फोटो काढून इथे टाका, नावं झाकून. मराठीतले असोत की कन्नडातले, वाचायला कुणीतरी भेटेलच.