तळवड्यात पाट्या का बदलतात?

मोठ्या आयटी कंपन्या एकमेकींना गिळतात, त्यात आपलं काय जातं, असं लोक विचारतात. उत्तर तळवड्याच्या आयटी पार्कातच आहे.

भरत देसाई आणि नीरजा सेठी यांनी १९८० मध्ये अमेरिकेत मिशिगनला सिंटेल सुरू केली. पुढे तिचा मोठा कॅम्पस आपल्या तळवड्यात उभा राहिला. बँका, विमा, आरोग्यविमा यांची कामं ती करायची. २०१० पासून ट्रायझेटो या अमेरिकन कंपनीचं कामही तिच्याकडे होतं. ट्रायझेटोचं 'फॅसेट्स' हे सॉफ्टवेअर तिथल्या आरोग्यविमा कंपन्या क्लेम निकाली काढायला वापरतात. माल ट्रायझेटोचा, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे तो बसवून द्यायची मजुरी सिंटेलची. भोसरी-चाकणचे लघुउद्योजक याला सरळ जॉबवर्क म्हणतील.

२०१४ मध्ये कॉग्निझंटने २७० कोटी डॉलर मोजून ट्रायझेटोच विकत घेतली. म्हणजे काल जो प्रतिस्पर्धी, तोच आज काम देणाऱ्याचा मालक! सिंटेलने करार मोडला, भांडण न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. सिंटेलने ट्रायझेटोची व्यापारी गुपितं वापरली, असं म्हणत ज्यूरीने ऑक्टोबर २०२० मध्ये ८५.५ कोटी डॉलर ठोठावले. २०२३ ला अपील कोर्टाने दोष कायम ठेवला, पण नुकसानभरपाईची रक्कम रद्द केली.

मधल्या काळात, २०१८ ला, फ्रान्सच्या ॲटॉसने ३४० कोटी डॉलरला सिंटेल घेतली होती. खटल्यासकट.

दोन्ही खरेद्या शेजारी ठेवून बघा. कॉग्निझंटने माल घेतला. फॅसेट्स बसवून देणारे पुष्कळ, पण मालक एकच. ॲटॉसने मुख्यतः माणसं आणि अमेरिकेतली गिऱ्हाइकं घेतली. त्याने कंपनी मोठी होते, वेगळी होत नाही. क्लाउड, डेटा, ऑटोमेशन तर सगळेच विकतात. तळवड्यातच असलेल्या कॅपजेमिनीची गोष्टही फार निराळी नाही. २०११ मध्ये आयगेटने आपल्याहून मोठी पटणी घेतली, २०१५ मध्ये कॅपजेमिनीने ४०० कोटी डॉलरला आयगेट. पटणी हे नावच पुसलं गेलं.

मला खटकतं ते हे, की निगडी-चिखली-रुपीनगरची पोरं इतकी वर्षं दुसऱ्याचा माल इमानाने बसवून देतात आणि भाव मिळतो तो मालाला. पगारवाढीच्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढत नाही.

२०२३ मध्ये ॲटॉसनेही आपल्या धंद्याचे दोन भाग पाडले. सिंटेलचं काम एव्हिडेन या नव्या नावाखाली गेलं. पाच वर्षांत दुसरी पाटी.