फील्ड गोल (लांब पल्ल्याचा)

अमेरिकन फुटबॉलमध्ये जमिनीवर उभा धरलेला लांबट चेंडू लाथेने उडवून, १० फूट उंचीच्या आडव्या दांडीवरून व दोन खांबांमधून पलीकडे घालवणे म्हणजे फील्ड गोल. त्याचे ३ गुण मिळतात. दोन खांबांमधले अंतर १८ फूट ६ इंच असते. लाथ जिथून मारली तिथपासून खांबांपर्यंतचा पल्ला यार्डांत मोजतात.

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टॉम डेम्प्सी यांनी ८ नोव्हेंबर १९७० रोजी न्यू ऑर्लिन्सकडून ६३ यार्डांचा गोल केला. त्यांच्या उजव्या पायाला जन्मतः बोटे नव्हती. खास बनवलेल्या चपट्या टोकाच्या बुटाने ते चेंडू मारत. पुढे काहींनी या विक्रमाची बरोबरी केली, पण तो मोडायला २०१३ साल उजाडले. डेन्व्हरच्या मॅट प्रेटर यांनी तेव्हा ६४ यार्ड गाठले. २०२१ मध्ये जस्टिन टकर यांचा चेंडू आडव्या दांडीवर आपटून पलीकडे पडला : ६६ यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या बरोबर तीन खेळपट्ट्या. योगायोग असा, की डेम्प्सी व टकर या दोघांच्याही वेळी प्रतिस्पर्धी डेट्रॉइट होता आणि निकाल १९-१७. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅम लिटल यांनी ६८ यार्ड (सुमारे ६२ मीटर) मारून नवा विक्रम केला. महाविद्यालयीन खेळात मात्र ओव्ह योहान्सन यांनी १९७६ मध्येच ६९ यार्ड मारले होते.

पल्ला केवळ पायाच्या ताकदीवर ठरत नाही. नेम चुकला तर लाथ मारलेल्या जागेवरूनच चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो; म्हणून असे धाडस बहुधा डावाच्या शेवटच्या सेकंदांतच होते. हवेचाही वाटा मोठा. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तिथली विरळ हवा चेंडूला कमी अडवते.

जळगाव-धुळ्याकडे हा खेळ रुजलेला नाही, पण हवेचा हिशेब इथेही लागू पडतो. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंच. तरी मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की तिथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा दशांशाहून थोडी अधिक विरळ होते. त्यामुळे तीच लाथ खानदेशच्या उन्हाळ्यात चेंडू काही यार्ड पुढे नेईल. मारणाऱ्याचा दम त्या उन्हात किती टिकेल, हा प्रश्न वेगळा.

रग्बीतली लाथ याहूनही लांब गेली आहे : वेल्सच्या पॉल थॉर्बर्न यांनी १९८६ मध्ये कार्डिफला स्कॉटलंडविरुद्ध ६४.२ मीटरवरून गोल केला.