परीक्षेचं गाव कायम दुसरंच

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली १८५९ साली. शंभराहून जास्त मुलं बसली, पास झाली ती पंचविसाच्या आतच. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आज मॅट्रिक म्हटलं की आपल्याला दहावी आठवते. तेव्हा ती शाळेची परीक्षा नव्हती. ती विद्यापीठाची होती, आत कोणाला घ्यायचं हे ठरवणारी. म्हणजे आजच्या भाषेत आपल्याकडची पहिली मोठी एन्ट्रन्स.

यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. रानड्यांचं लहानपण कोल्हापुरात गेलं, भांडारकर मूळचे मालवणचे आणि शिकले रत्नागिरीत. दोघांनाही तयारीसाठी कोवळ्या वयात मुंबई गाठावी लागली. परीक्षा मुंबईत आणि तिची तयारीही मुंबईतच. प्रवेश परीक्षांचा इतिहास आपण कायम हुशारीचा इतिहास म्हणून वाचतो. मला तो अंतराचा इतिहास वाटतो. कारण मी तळेगाव ढमढेऱ्याचा आहे. पुण्यापासून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर, आणि हे तीस-पस्तीस किलोमीटर किती लांब असतात ते मला माहीत आहे.

अंतराची सगळ्यात ठळक गोष्ट धोंडो केशव कर्व्यांची. १८७५च्या सुमारास दापोलीजवळच्या मुरूडहून काही मुलं एका परीक्षेसाठी साताऱ्याला निघाली. ही परीक्षा विद्यापीठाची नव्हती; मराठी सहावीची होती, सरकारी नोकरीचं दार उघडणारी. कुंभार्ली घाट चढून शंभरावर मैल चालत ती साताऱ्याला पोचली. तिथे साहेबांनी कर्व्यांकडे पाहिलं, मुलगा वयाने लहान दिसतो म्हणाले आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. पेपर बघण्याआधीच प्रवास वाया गेला. पुढे कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि तेही मुंबईला जाऊन. हाच माणूस नंतर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होता. म्हणजे कमी काय पडत होतं? बुद्धी तर नक्कीच नाही.

हे त्याच काळात कोणाच्या लक्षात आलं असेल, तर ते महात्मा फुल्यांच्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाबद्दल जे म्हटलं ते आपण ऐकलेलं असतं. पण त्याच निवेदनात हायस्कुलांबद्दलही लिहिलंय. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचंही सगळं लक्ष मॅट्रिक खाऊन टाकते आणि जगायला उपयोगी असं फारसं काही त्यातून हाती लागत नाही, ही त्यांची तक्रार होती. शिवाय घरी राहून खाजगी अभ्यास करणाऱ्यांनाही विद्यापीठाने परीक्षेला बसू द्यावं, अशी मागणी होती. ज्याला शहरात राहणं परवडत नाही, त्याच्यासाठी दार उघडा. एकशे चाळीस वर्षांपूर्वीची ही मागणी आजही जुनी वाटत नाही.

विद्यापीठ हललं नाही, तेव्हा समाजाने अंतरावर दुसरा उपाय काढला, तो म्हणजे वसतिगृह. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, पुढे जातीजातींची बोर्डिंगं निघाली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या मुलांची परंपरा जुनी. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली ती खेड्यातून पुण्यात येणाऱ्या मुलांसाठीच. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास कॉलेजांपेक्षा बोर्डिंगांनी जास्त घडवलाय, असं मला नेहमी वाटतं. झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं की पेपर सोडवणारे हात गावात होतेच.

मग स्वातंत्र्य आलं, मॅट्रिक जाऊन एसएससी आली आणि दार एक मजला वर सरकलं. आयआयटी खरगपूर १९५१ साली, आयआयटी मुंबई १९५८ साली. १९६०च्या सुमारास आयआयटींची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. राज्यातल्या इंजिनिअरिंग आणि मेडिकलला मात्र बरीच वर्षं बोर्डाचेच मार्क चालत. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, जागा वाढल्या. पण चांगल्या कॉलेजातली जागा तेवढीच दुर्मीळ राहिली.

इथे लातूर आलं. जनार्दन वाघमारे ज्याचे पहिले प्राचार्य, ते राजर्षी शाहू कॉलेज १९७० सालचं. पुढे अनिरुद्ध जाधव प्राचार्य असताना तिथे जे घडलं त्याला अख्खा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणायला लागला. त्यात गूढ काही नव्हतं. पोर्शन लवकर संपवायचा, मग सराव परीक्षा, तपासलेला पेपर हातात, चूक कुठे झाली ते समजावणं, परत परीक्षा. आणि हे सगळं कॉलेजातल्याच प्राध्यापकांनी, जादा तास घेऊन करायचं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या बरोबरीने लातूरची नावं झळकू लागली. पॅटर्नवर टीकाही झाली, घोकंपट्टीचा कारखाना म्हणून. ती खोटी नव्हती. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला मेडिकलच्या तयारीसाठी पुण्याला जावं लागलं नाही, हेही खोटं नाही.

राजस्थानातल्या कोट्यात मात्र उलटं झालं. तिथे कारखान्यात नोकरी करणाऱ्या विनोदकुमार बन्सल या इंजिनिअरने आजारपणामुळे घरी शिकवण्या सुरू केल्या, आणि १९९१ साली क्लास उभा राहिला. लातूरने तयारी कॉलेजात आणली. कोट्याने ती कॉलेजाबाहेर नेली. आपण पुढे कोट्याच्या वाटेने गेलो. 'इंटिग्रेटेड' या गोड शब्दाचा अर्थ एवढाच, की हजेरी एका ठिकाणी आणि अभ्यास दुसऱ्या ठिकाणी.

माझी बारावी २०१५ची. २०१४ आणि २०१५ ही दोनच वर्षं राज्याने इंजिनिअरिंगला स्वतःची सीईटी न घेता जेईई मेन लावली. २०१६ला सीईटी परत आली. नियम मुंबईत बदलत होते, आणि आम्ही पहाटेच्या एसटीने शिक्रापूर चौक, मग कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोलीची कोंडी पार करून क्लासला पोचत होतो. परत यायला संध्याकाळ व्हायची. दहावीला गणितात माझ्या पुढे असलेली मुलगी या प्रवासात नव्हती. अंधारात जाणं-येणं तिच्या घरी मान्य नव्हतं, आणि आमच्या पंचक्रोशीत जेईई शिकवणारं कोणी नव्हतं. तिने कोणतीच परीक्षा दिली नाही, म्हणून ती कुठल्याच निकालात नापास दिसत नाही.

गंमत म्हणजे याच भागात उत्तरंही आहेत. शिक्रापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६च्या शैक्षणिक धोरणातून आलेली ही योजना. पाचवीत परीक्षा, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, राहणं-जेवण सरकारचं. म्हणजे शाहू महाराजांचं बोर्डिंगच, सरकारी रूपात. शेजारच्या खेड तालुक्यात कडूसजवळ दक्षणा फाउंडेशनचा कॅम्पस आहे. देशभरातल्या नवोदयमधून निवडलेली मुलं तिथे राहून जेईई-नीटची तयारी करतात, मोफत. आणि आमच्याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवायला. फुल्यांच्या तक्रारीला दिलेलं उत्तरच म्हणा. एका दाराची तयारी आणि त्या दाराशिवायचं शिक्षण, दोन्ही एसटीच्या टप्प्यात.

पण या तिन्ही ठिकाणी सामावतात ती थोडकी मुलं. बाकीच्यांसाठी आता मोबाइल आहे. अंतर संपलं, असं म्हणायचा मोह होतो. जेईई मेन २०२१पासून मराठीतही देता येते, नीट त्याच्याही आधीपासून. यूट्यूबवर शिकवणारे फुकट शिकवतात. तरी व्हिडिओ तुमचा पेपर तपासत नाही. लातूरचं खरं काम जादा तासात नव्हतं, तपासलेल्या पेपरात होतं. तुझं इथे चुकलं, हे समोर बसून सांगणाऱ्या माणसात होतं.

म्हणून मला वाटतं, गावातल्या ज्युनिअर कॉलेजला नवी इमारत किंवा स्मार्ट बोर्ड देण्याआधी एक साधी गोष्ट द्यावी. दर शनिवारी एक पेपर आणि सोमवारी तो तपासून परत. भौतिकशास्त्र आणि गणिताचे दोन चांगले शिक्षक, पूर्ण पगारावर. एवढं झालं तर त्या मुलीसारखी मुलगी पहाटेच्या एसटीत न बसताही परीक्षेला बसू शकेल. मग ती पास होते की नापास, ते तिचं ती बघेल.