जी कूर्चा कापून टाकत, ती आज शिवतात

१/ गुडघ्यातील तुटलेले लिगामेंट नव्याने बांधताना शेजारची फाटलेली कूर्चाही शिवावी, हा विचार आज स्वाभाविक वाटतो. तो रुजण्यास मात्र जवळपास शतक लागले.

२/ मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन गाद्या असतात. १८८३ साली एडिंबरा येथे थॉमस ॲनंडेल यांनी एका खाणकामगाराची निसटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. १८९५ मध्ये लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी दुसऱ्या एका खाणकामगाराची तुटलेली लिगामेंटे शिवली.

३/ तरीही ब्लँड-सटन यांच्यासारख्या शल्यविशारदांना या गाद्या म्हणजे स्नायूंचे निरुपयोगी अवशेष वाटत. परिणामी फाटलेली गादी काढून टाकण्याचीच प्रथा पडली.

४/ १९४८ मध्ये फेअरबँक यांनी अशा रुग्णांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे अभ्यासली. सांध्यातील फट अरुंद झाली होती, हाडाच्या कडेला कंगोरा आला होता. काढून टाकलेली गादीच शरीराचा भार पेलत होती!

५/ १९६९ मध्ये जपानच्या हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने ती शिवून दाखवली.

६/ परंतु लिगामेंटाविना हाडे एकमेकांवर घसरतात आणि शिवलेली गादी पुन्हा फाटू शकते. म्हणून दोन्ही दुरुस्त्या शक्यतो एकत्र होतात. शिवाय लिगामेंटासाठी हाडात पाडलेल्या बोगद्यांतून रक्त व मज्जा सांध्यात उतरते. रक्तपुरवठा तुटपुंजा असलेल्या कूर्चेला ते उपकारक ठरते, असे मानले जाते.

७/ त्या दोन खाणकामगारांवर बारा वर्षांच्या अंतराने झालेले उपचार आज एकाच रुग्णावर, एकाच बैठकीत होतात.